.२२ रायफलमध्ये पुंगळी चेंबरातच राहते, आणि पुन्हा पुन्हा राहते

"सर, परत राहिली."

प्रोनमध्ये, म्हणजे पोटावर आडवी पडलेली मुलगी मान न हलवता एवढंच म्हणाली. बोल्ट, म्हणजे नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडा, मागे आलेला होता आणि चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या जागेच्या, तोंडाशी पितळेची गोल कड चमकत होती. बाराव्या गोळीला एकदा, एकोणिसाव्याला एकदा आणि आता तेविसाव्याला. प्रोनच्या सामन्यात ६० गोळ्या ५० मिनिटांत मारायच्या असतात. पुंगळी, म्हणजे गोळी सुटल्यावर उरलेलं रिकामं पितळी नळकांडं, अडकली की पोझिशन मोडायची, स्लिंग (रायफल हाताला बांधणारा पट्टा) सैल करायची, पुंगळी काढायची, मग पुन्हा आडवं होऊन नेम जुळवायचा. तीन-चार मिनिटं सहज जातात, आणि मुलांचं लक्ष तर त्याआधीच उडालेलं असतं.

क्लबच्या चार नंबरच्या रायफलचं हे दुखणं आम्ही दोन महिने काढलं. काहीतरी करायचो, आठवडाभर बरी चालायची, मग पुन्हा तेच. शेवटी कारण सापडलं तेव्हा लक्षात आलं की पहिल्या दिवशीच्या पुंगळ्यांवर ते स्पष्ट लिहिलेलं होतं. आम्ही त्या पुंगळ्या न बघता डब्यात टाकत होतो.

हे सविस्तर लिहायचं कारण असं की १० मीटर एअर रायफलवरून .२२ वर येणारी मुलं आता बरीच आहेत. २०२४ मध्ये स्वप्नील कुसाळेने पॅरिसला ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये (गुडघ्यावर, आडवं आणि उभं राहून) कांस्यपदक मिळवल्यापासून आमच्याकडे तरी या प्रकाराची चौकशी खूप वाढली. एअर रायफलमध्ये छर्रा जातो आणि मागे काहीच उरत नाही. .२२ मध्ये प्रत्येक गोळीमागे एक पुंगळी उरते आणि ती बाहेर काढणं हे रायफलचं अर्धं काम आहे. एनसीसीत "पॉइंट टू टू" हाताळलेल्यांना पुंगळी माहीत असते, पण ती का अडकते हे तिथेही क्वचितच कुणी समजावून सांगतं.

हात लावण्याआधी

नळी टार्गेटच्या दिशेनेच राहील. बोट ट्रिगरच्या बाहेर. रेंज ऑफिसरला हात वर करून सांगा. चेंबरात आहे ती रिकामी पुंगळी की न उडालेलं काडतूस, हे नक्की झाल्याशिवाय पुढचं काही करू नका.

फायरिंग पिन पडली आणि आवाज झाला नाही, तर बोल्ट बंदच ठेवून किमान ३० सेकंद थांबा. काडतूस उशिरा पेटू शकतं. आवाज नेहमीपेक्षा बारीक आला, नुसतं "पुक्" झालं, तर शिसं, म्हणजे काडतुसातला उडणारा भाग, नळीत अडकलेलं असू शकतं. अशा वेळी पुढची गोळी भरायचीच नाही. बोल्ट काढून नळीतून उजेड दिसतो का ते आधी बघायचं.

रिकामीच पुंगळी आहे अशी खात्री असेल तर बोल्ट पूर्ण काढून घ्या आणि नळीच्या तोंडाकडून पितळी टोकाचा क्लीनिंग रॉड हलकेच सरकवून ती मागे ढकला. चेंबरात जिवंत काडतूस अडकलं असेल तर नळीतून रॉड घालायचा नाही, कधीच नाही. रिमफायर काडतुसाचा स्फोटक मसाला त्याच्या कडेतच भरलेला असतो आणि कुठल्याही बाजूने त्या कडेला चिमटा बसला तर ते उडू शकतं. ते काम आर्मररचं, म्हणजे बंदुका दुरुस्त करणाऱ्या कारागिराचं. चाकूचं टोक आणि स्क्रू ड्रायव्हरही दूर ठेवा. त्याने पुंगळी निघेल कदाचित, पण चेंबरच्या ओठावर जो ओरखडा पडेल तो पुढच्या प्रत्येक पुंगळीला धरून ठेवेल.

पुंगळी बाहेर येते ती कशी

.२२ लाँग रायफल हे काडतूस १८८७ पासून जवळपास त्याच रूपात चालत आलं आहे. पुंगळी एकसंध, पातळ पितळेची. मागची कड आतून पोकळ आणि तिच्यात मसाला. फायरिंग पिन ही कड चेंबरच्या धातूवर चेमटवते, मसाला पेटतो, दाब २४,००० पौंड प्रति चौरस इंचापर्यंत जातो. मोठ्या सेंटरफायर रायफलीत (जिथे मसाला कडेत नाही, काडतुसाच्या बुडाच्या मध्यात असतो) तो याच्या दुपटीहून जास्त असतो, पण या पातळ पितळेला एवढाही पुरतो. पुंगळी फुगून चेंबरच्या भिंतीला घट्ट चिकटते, म्हणून गॅस मागे येत नाही. दाब ओसरला की पितळ केसभर आक्रसतं आणि भिंत सोडतं. मग बोल्टवरचं एक्स्ट्रॅक्टरचं नख त्या कडेला धरून तिला मागे ओढतं आणि शेवटी इजेक्टर तिला बाजूला फेकतो.

यात कुठे बिघडलं ते आधी ठरवा. पुंगळी चेंबरातून निघते पण फेकली न जाता बोल्टसमोर लोळत राहते, तर तो इजेक्टरचा प्रश्न, आणि बऱ्याचदा तो बिघाड नसतोच. इजेक्टर ठोकळ्यासारखा पक्का बसवलेला असेल तर बोल्ट जेवढ्या वेगाने मागे येईल तेवढ्याच जोराने पुंगळी उडते. पोझिशन हलू नये म्हणून प्रोनमध्ये मुलं बोल्ट अगदी अलगद ओढतात. अशा वेळी शेवटचा इंचभर प्रवास जरा ठामपणे करायला शिकवलं की काम होतं.

पुंगळी चेंबरातच राहते, बोल्ट एकटाच मागे येतो, हा खरा एक्स्ट्रॅक्शनचा प्रश्न. त्याची कारणं दोनच बाजूंनी येतात. एकतर नख धरत नाही, किंवा चेंबर सोडत नाही.

कड बघा

हे दोन्ही वेगळं करायला महागडं साधन लागत नाही. अडकलेली पुंगळी काढलीत की ती उजेडात धरा, दहापट मोठं दाखवणारं भिंग असेल तर उत्तम. कडेच्या पुढच्या बाजूला, जिथे नख बसतं तिथे काय दिसतं?

पितळ खरवडलेलं, चकचकीत, किंवा कड बाहेरच्या बाजूला वाकलेली दिसली, क्वचित तुकडाच निघालेला असला, तर नखाने पकडली होती, जोरही लावला होता, पण चेंबरने सोडली नाही. दोष चेंबरात किंवा काडतुसात शोधा.

कड कोरी, तिच्यावर नखाची खूणच नाही, किंवा अगदी पुसटशी घसरल्याची रेघ, तर नख नीट बसलंच नाही. बोल्टकडे बघा.

या कडेची जाडी जेमतेम एक मिलिमीटर असते आणि आत पोकळ. नखाला धरायला एवढंच. म्हणून नखावर साचलेला मळाचा थरही फरक पाडतो.

दुसरी चाचणी बोल्टची. बोल्ट रायफलबाहेर काढा, त्याच रायफलची रिकामी पुंगळी नखाखाली सरकवा आणि बोल्ट तोंडाकडून खाली करून हलकेच झटका द्या. पुंगळी टिकली पाहिजे. पडली तर चेंबरला दोष देऊ नका.

न उडालेलं काडतूस भरून काढून बघायची तिसरी पद्धतही आहे. भरलेलं सहज निघतं पण उडालेलं अडकतं, तर चेंबर. दोन्ही अडकतात, तर नख. ही चाचणी फक्त रेंजवर, नळी टार्गेटकडे ठेवून करायची. आणि मॅच चेंबरच्या, म्हणजे स्पर्धेसाठी घट्ट चेंबर असलेल्या, रायफलीत मी ती टाळतो. तिथे शिसं रायफलिंगमध्ये, म्हणजे नळीच्या आतल्या खाचांत, रुतलेलं असतं. बोल्ट ओढला की कधी नुसती पुंगळी हातात येते, शिसं नळीत राहतं आणि बारूद सगळ्या ॲक्शनमध्ये सांडते.

मळ

दहापैकी बहुतेक तक्रारी इथेच संपतात, म्हणून यावर जरा थांबतो.

.२२ च्या शिशाला बाहेरून मेणाचा किंवा ग्रीसचा हात असतो. मॅचच्या काडतुसांवर तर तो बोटाला लागतो. प्रत्येक गोळीबरोबर थोडं मेण चेंबरात उतरतं, त्यावर काजळी बसते, न जळलेल्या बारुदीचे कण बसतात आणि पुढच्या गोळीच्या उष्णतेने ते सगळं भाजून निघतं. चेंबरात पुंगळीचं तोंड जिथे संपतं, त्याच्या लगेच पुढे या मिश्रणाचं एक काळं कडं तयार होतं. नळी नेहमीसारखी दोन चिंध्या ओढून पुसली तरी ते हलत नाही, कारण चिंधी त्याच्यावरून घसरून जाते. नळीतून बघितलं तर आरशासारखी चमकते आणि आपण म्हणतो, रायफल साफ आहे.

पुंगळीवर याची खूण दिसते. तोंडाशी, शिसं बसतं त्या टोकाला, चौफेर काळा पट्टा आणि त्यावर बारीक उभ्या रेघा. घरातल्या जुन्या रायफलीतून कुणी .२२ शॉर्ट मारत असेल तर हे कडं आणखी मागे धरतं. शॉर्टची पुंगळी १०.७ मिलिमीटरची, लाँग रायफलची १५.६, मधल्या पाच मिलिमीटरमध्ये सगळी काजळी साचते आणि नंतर लाँग रायफलची पुंगळी नेमकी तिच्यावर फुगते.

काढायची रीत सोपी आहे, घाई मात्र चालत नाही. रायफल रिकामी असल्याची खात्री, बोल्ट बाहेर. सॉल्व्हंटमध्ये भिजवलेली चिंधी चेंबरात ठेवून पंधरा मिनिटं सोडा. मग नवा ब्राँझचा ब्रश रॉडला लावून चेंबरात घाला आणि पुढे-मागे न करता जागच्या जागी गोल फिरवा, दहा-बारा वेळा. नळी ब्रशने झिजवायची नाही, फक्त चेंबर. चिंधीने पुसा, टॉर्चने बघा, कडं दिसत असेल तर पुन्हा भिजवा. लोखंडी टोकदार काहीही वापरू नका. शेवटच्या दोन चिंध्या कोरड्या. चेंबरात तेल राहिलं तर पुंगळीला भिंतीची पकड मिळत नाही आणि गोळी सुटताना सगळा धक्का बोल्टवर येतो. पावसाळ्यात आपण नळीला तेलाचा हात देऊन रायफल ठेवतो ते योग्यच आहे, पण रेंजवर पहिली गोळी भरण्याआधी ते पुसून काढायला हवं.

उन्हाळ्यात एक जास्तीची खबरदारी घ्या. मे महिन्यात पुण्याच्या उन्हात काडतुसांचा डबा मॅटवर उघडा ठेवला की मेण पातळ होतं आणि धूळ ओढून घेतं. ती धूळ काडतुसाबरोबर चेंबरात जाते. डबा सावलीत, झाकण लावून ठेवा. डिसेंबरात दिल्लीला तुघलकाबादच्या रेंजवर सकाळच्या पहिल्या डिटेलला (नेमबाजांच्या तुकडीला) उलटा अनुभव येतो. मेण गारठून कडक होतं आणि चेंबरात आधीचं मेण असेल तर काडतूस आत जातानाच अडखळतं.

चार नंबर आम्ही अशी साफ केली. दीडशे गोळ्या बिनतक्रार गेल्या. नंतर पुन्हा अडकली.

नख आणि त्याची स्प्रिंग

मग आम्ही बोल्टकडे वळलो. बहुतेक .२२ बोल्टना उजवीकडे एक नख असतं, मागे छोटी स्प्रिंग आणि प्लंजर. कित्येक रायफलींना डावीकडेही एक असतं, जे पुंगळीला जागेवर धरून ठेवतं. नख हलायला जी खाच असते तीत पितळेचा चुरा आणि मेण यांचा लगदा भरतो. नख बाहेर उघडतं पण पूर्ण आत मिटत नाही. टूथपिक सॉल्व्हंटमध्ये बुडवून ती खाच कोरा, जुन्या टूथब्रशने घासा, मग नख बोटाने उघडून सोडा. टपकन मिटलं पाहिजे. रेंगाळत मिटत असेल तर स्प्रिंग दमली आहे.

नखाची धार भिंगातून बघा. काटकोनी असावी. गोल झाली असेल तर ते पुंगळीच्या कडेवरून घसरणारच. स्प्रिंग ताणून लांब करण्याचा उपाय काही जण सांगतात. तो चार दिवस टिकतो. नवी स्प्रिंग, नवं नख, त्याच मॉडेलचे मूळ सुटे भाग घ्या. नख कानशीने घासून "धारदार" करू नका, त्याचा कोन बिघडला की पुंगळी कडेसकट फाटते.

चार नंबरच्या खाचेतून तांदळाच्या दाण्याएवढा काळा गोळा निघाला. स्प्रिंगही बदलली. पुढच्या सराव-सत्रात ४० गोळ्या व्यवस्थित. आणि मग ती सकाळ, जिथून मी सुरुवात केली.

चार नंबरचं खरं कारण

त्या दिवशी अडकलेल्या तिन्ही पुंगळ्या मी खिशात ठेवल्या आणि घरी टेबलावर ओळीने मांडल्या. तिन्हींच्या कडेवर नखाने खरवडलेली चकचकीत जागा होती. म्हणजे नख आपलं काम करत होतं. तोंडाशी काळा पट्टा नव्हता. म्हणजे मळही नाही. पण प्रत्येक पुंगळीच्या अंगावर एक उभी रेघ होती, कडेपासून निघून पुढे गेलेली, नखाने ओढल्यासारखी. पुंगळ्या फिरवून बघितल्या. रेघ तिन्हींवर एकाच जागी, फायरिंग पिनच्या खड्ड्याच्या बरोबर खाली.

काडतूस भरताना ते कसंही फिरलेलं असू शकतं. पिनचा खड्डा मात्र चेंबरच्या ठरावीक जागेसमोरच पडतो. रेघ नेहमी पिनच्या खाली येते याचा अर्थ चेंबरच्या ओठावर, पिन आदळते त्याच जागी, काहीतरी आत आलेलं आहे.

टॉर्च आणि भिंगाने बघितलं तर तसंच होतं. ओठावर पिनच्या आकाराचा बारीक ठसा, आणि त्या ठशातून दाबला गेलेला धातू चेंबरच्या आत कणभर सरकलेला. रिकाम्या चेंबरवर ट्रिगर ओढून होल्डिंगचा, म्हणजे रायफल स्थिर धरण्याचा, सराव केल्याने हे होतं. सेंटरफायरमध्ये पिनसमोर मोकळी जागा असते. अनेक जुन्या .२२ रायफलींत पिन सरळ चेंबरच्या ओठावर आपटते, कारण काडतुसाची कड नेमकी तिथेच असते. भरताना त्या कणामुळे पुंगळीवर ओरखडा पडतो, आणि फुगल्यावर पुंगळी त्याच्यावर अडकून बसते. साफसफाई केली की आमचं काम तात्पुरतं होत होतं, कारण बाकीचा चेंबर गुळगुळीत झाल्याने नखाचा जोर त्या एका कणाला पुरत होता. थोडा मळ साचला की दोन्ही मिळून जिंकायचे.

अजून एक खूण आमच्या हातून निसटली होती. ही रायफल अधूनमधून मिसफायर द्यायची, म्हणजे पिन पडूनही गोळी उडायची नाही, आणि आम्ही काडतुसाच्या लॉटला (एकत्र बनलेल्या खेपेला) बोल लावायचो. पिनने ओठात खड्डा केला की तिथे कडेला पुढून आधार राहत नाही, फटका पोचट बसतो. अडकणं आणि मिसफायर एकाच रायफलमध्ये दिसू लागले तर चेंबरचा ओठ आधी बघा.

आर्मररने त्यासाठी चेंबर आयर्न वापरलं. कडक पोलादाची, पॉलिश केलेली निमुळती सळई. ती चेंबरात घालून फिरवली की आत आलेला धातू परत आपल्या जागी दाबला जातो. कानशीने घासलं तर धातू कायमचा जातो, खड्डा तसाच राहतो आणि मिसफायर वाढतात. म्हणून हे घरी करू नका. शस्त्र कायदा १९५९ प्रमाणे दुरुस्तीचा व्यवसाय करणाऱ्यालाही परवाना लागतो; तो असलेल्या आर्मररकडेच द्या, आणि रायफल नेता-आणताना आपले कागद सोबत ठेवा.

आता क्लबमध्ये ड्राय फायर, म्हणजे गोळीविना ट्रिगर ओढण्याचा सराव, करायचं असेल तर चेंबरात त्यासाठी बनवलेली डमी असतेच. नसेल तेव्हा रिकामी पुंगळी, दर वेळी थोडी फिरवून. कोणत्या मॉडेलला रिकाम्या चेंबरवर ड्राय फायर चालतं ते त्याच्या मॅन्युअलमध्ये दिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय नवीन मुलांना रायफल देत नाही.

उरलेली कारणं, थोडक्यात

गंज. कोकण आणि मुंबईच्या हवेत एक पावसाळा कापडी कव्हरमध्ये पडून राहिलेली रायफल चेंबरात बारीक खड्डे घेऊन बाहेर येते. पितळ दाबाखाली त्या खड्ड्यांत शिरतं. पुंगळीवर हात फिरवला तर बारीक पुटकुळ्या लागतात, एका जागी नाही, सगळीकडे. साफसफाईने हे जात नाही. चेंबर पॉलिश होईल की नळीच बदलावी लागेल, ते आर्मरर बघून सांगेल.

काडतूस. एकच लॉट अडकतो आणि दुसरा नाही, तर रायफल उघडण्याआधी लॉट बदला. हिरवट डाग धरलेली जुनी काडतुसं मारूच नका. वेगवेगळ्या कंपन्यांची मेणं एकाच सत्रात मिसळली तरी चेंबर लवकर चिकट होतो.

सेमी-ऑटोमॅटिक. यात बहुतेक .२२ ब्लोबॅकवर चालतात, म्हणजे पुंगळीच बोल्टला मागे ढकलते. त्यामुळे नख दुबळं असूनही रायफल कित्येक दिवस चालते आणि दोष लपून राहतो. कमी वेगाचं मॅच काडतूस घातलं की उघडा पडतो.

आर्मररकडे रायफल देताना नुसतं "अडकते" असं सांगू नका. अडकलेल्या चार-पाच पुंगळ्या आणि न अडकलेल्या दोन-तीन, वेगवेगळ्या पाकिटांत घालून द्या. पाकिटावर लिहा: कितव्या गोळीला अडकली, शेवटची सफाई किती गोळ्यांपूर्वी, कोणता लॉट, मिसफायर झाला का. आमच्या आर्मररने ती पाकिटं उघडली, एक पुंगळी भिंगाखाली फिरवली आणि रायफलला हात लावायच्या आधीच विचारलं, "रिकामी मारता का हिला?"

चार नंबर परत आली त्याला आता अकराशे गोळ्या झाल्या. दर दीडशेला चेंबर साफ होतो, वहीत तारीख पडते, आणि त्या तीन पुंगळ्या वहीच्या मागच्या पानावर टेपने चिकटवलेल्या आहेत.